शहजादा आणि दोन तख्ते

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी बीडची खजाना विहीर पाहिली असेल. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर-धुळे रस्त्यापासून जवळच ती आहे. निजामशाहीतील सरदार सलाबतखान याने १५८२ च्या सुमारास ती बांधून घेतली. तिची आखणी राजा भास्कर नावाच्या जाणकाराने केली, असे सांगतात. दुरून पाहिले तर तेथे काही आहे असे वाटतच नाही. जवळ गेले की जमिनीत उतरलेली मोठी गोल विहीर दिसते. पायऱ्या उतरून खाली जावे, तर उन्हाचा ताप कमी होतो, आवाज घुमू लागतो आणि पाण्याजवळ भुयारांची तोंडे दिसतात. त्या भुयारांतून पाणी आत येते आणि बाहेर शेतांकडे जाते. तेथे उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात एकच प्रश्न येतो. ही वाट पुढे कुठे निघत असेल?

असा प्रश्न पावलोपावली पडावा, म्हणूनच काही खेळ तयार केले जातात. अशाच एका खेळाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत. त्याचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द टू थ्रोन्स’. युबीसॉफ्ट या कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल शहरातल्या शाखेत तो तयार झाला आणि डिसेंबर २००५ मध्ये बाजारात आला. तीन खेळांच्या एका मालिकेतला हा तिसरा आणि शेवटचा खेळ. पडद्यावरच्या नायकाला आपण कळा दाबून चालवायचे, उड्या मारायला लावायचे, शत्रूशी लढवायचे, आणि असे करता करता एक गोष्ट पुढे न्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. लढाई आहे म्हणजे रक्तही आहे. त्यामुळे अमेरिकेत या खेळाच्या वेष्टनावर सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी असा शिक्का होता. म्हणून येथे आपण तो खेळणार नाही, त्याची गोष्ट वाचणार आहोत.

पर्शिया म्हणजे इराण. खेळाच्या नावाचा अर्थ ‘इराणचा शहजादा : दोन तख्ते’ असा होतो. आता एक गंमत पाहा. ही गोष्ट मराठीत सांगायला बसले, की शहर, तख्त, वजीर, फौज, बुरूज, दरवाजा, कैद, खंजीर असे शब्द आपोआप येतात. हे सगळे शब्द मराठी माणूस रोज वापरतो, आणि हे सगळे तुमच्या उर्दूतही आहेत. फारसी आणि अरबीतून ते दोन्ही भाषांत आले. मराठी शिकताना अडखळणाऱ्या तुमच्यासारख्या मुलांना या पाठात तरी फारसे अडखळावे लागू नये!

या शहजाद्याचा जन्म मात्र इराणात झाला नाही. अमेरिकेतील जॉर्डन मेक्नर या तरुणाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ नावाचा पहिला खेळ १९८९ साली तयार केला. त्याने अलिफ लैलाच्या गोष्टी वाचल्या होत्या. या गोष्टी मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणल्या होत्या. मेक्नरची गोष्ट साधी होती. दुष्ट वजीर जाफर शहजादीला कैदेत टाकतो आणि तिला एका तासाची मुदत देतो. तळघरातला एक तरुण त्या साठ मिनिटांत मजल्यामागून मजले चढून तिच्यापर्यंत पोहोचतो.

गोष्ट साधी असली, तरी पडद्यावरचा माणूस साधा नव्हता. त्या काळातील खेळांतली माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी हलत. मेक्नरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून एका मोकळ्या वाहनतळावर पळायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले. त्याचे चित्रण केले आणि त्यातले एकेक चित्र घेऊन त्यावरून संगणकावर आकृती काढली. हे काम फार चिकाटीचे होते. पण त्यामुळे पडद्यावरचा शहजादा खऱ्या मुलासारखा धावू लागला. उडी चुकली तर तो कठड्याला बोटांनी लटकू लागला आणि पाहणाऱ्याचा श्वास अडकू लागला.

त्या खेळात आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. शहजाद्याशी लढायला तोलामोलाचा शत्रू हवा होता, पण नवी आकृती ठेवायला संगणकाच्या स्मृतीत जागाच उरली नव्हती. मग मेक्नरने शहजाद्याचीच आकृती पुन्हा वापरली. ती किंचित सरकवली आणि तिचे रंग उलटे केले. अशा रीतीने एक झगमगती सावली तयार झाली. खेळात शहजादा आरशातून उडी मारतो तेव्हा ही सावली त्याच्यातून बाहेर पडते. पुढे ती त्याच्या वाटेत आडवी येते. तिच्यावर तलवार चालवली तर जखम शहजाद्यालाच होते! तिला मारण्याचा मार्गच नाही. तलवार म्यान करून शांतपणे तिच्याकडे चालत गेले, की ती पुन्हा त्याच्यात मिसळते. जागेच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती आहे. सोळा वर्षांनी आलेल्या ‘दोन तख्तां’चे बी मात्र तिच्यातच आहे. ते कसे, हे पुढे कळेल.

२००३ साली युबीसॉफ्टने ही गोष्ट नव्याने सांगायला घेतली. त्या पहिल्या भागाची कथा मेक्नरनेच लिहिली. इराणचा राजा शहरमान आणि त्याचा मुलगा हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर चालून जातात. (अलिफ लैलातील शहजादा कमरुज्जमान याच्या वडिलांचे नावही हेच आहे.) महाराजाचा वजीर फितूर होतो आणि त्यांना आत घेतो. लुटीत शहजाद्याला एक खंजीर मिळतो, आणि राजाला वाळूने भरलेले एक प्रचंड घटिकापात्र. ती वाळू म्हणजे काळाची वाळू. मरणाला भ्यालेल्या वजिराला ती आपल्यासाठी हवी असते. तो शहजाद्याला फूस लावतो. बढाईखोर शहजादा खंजीर त्या पात्रात खुपसतो, वाळू सुटते आणि महालातली माणसे राक्षस होतात. त्याचे वडीलही त्यातून सुटत नाहीत. ज्या महाराजाला त्याने लुटले, त्याचीच मुलगी फराह पुढे त्याच्या सोबतीला येते. फराह म्हणजे आनंद, हे तुम्हाला सांगायला नकोच. दोघे मिळून ती चूक निस्तरतात. पण त्यात फराहचा जीव जातो. तेव्हा शहजादा सगळा काळच मागे फिरवतो. हल्ला झालाच नाही, अशा क्षणी तो परत येतो. वजिराला मारतो आणि खंजीर फराहच्या हाती देतो. फराह वाचते, पण ती त्याला ओळखत नाही. तिच्या दृष्टीने ते कधी भेटलेलेच नसतात.

आता हा काळ मागे फिरवण्याचा प्रकार नीट समजून घ्या, कारण सारा खेळ त्यावर उभा आहे. जुन्या खेळांत नायक दरीत पडला की मेला. खेळ पुन्हा मागच्या टप्प्यापासून सुरू करावा लागे. खेळणारा वैतागे. या खेळात शहजादा पडू लागला की एक कळ दाबायची. पडणारा शहजादा उलटा वर येतो, तुटलेली फळी जोडली जाते, त्याचे पाय पुन्हा कठड्यावर टेकतात. हे घडते कसे? शहजादा कोठे आहे, त्याचा हात कोणत्या बाजूला आहे, शत्रू कोठे उभा आहे, या साऱ्याची नोंद संगणक क्षणाक्षणाला ठेवत असतो. कळ दाबली की तो त्या नोंदी शेवटाकडून वाचू लागतो. ध्वनिफीत उलटी फिरवावी तसेच हे. पण नोंदी ठेवायला जागा लागते, म्हणून थोड्याच सेकंदांचा काळ मागे नेता येतो. आणि प्रत्येक वेळी खंजिरातली थोडी वाळू खर्च होते. वाळू संपली की चूक ही चूकच राहते. हा नियम मला फार आवडतो. त्याच्याशिवाय खेळात धाकच उरला नसता.

दुसरा भाग २००४ साली आला. काळाशी केलेली लबाडी अंगाशी येते, अशी त्याची गोष्ट आहे. जो मरायला हवा होता तो जिवंत राहिला, म्हणून काळाचा रक्षक असलेला दाहाका नावाचा राक्षस शहजाद्याचा सात वर्षे पाठलाग करतो. शहजादा काळाच्या बेटावर जातो. वाळू मुळात निर्माणच होऊ नये, अशी खटपट करतो. शेवटी कायलीना नावाच्या काळाच्या सम्राज्ञीला घेऊन तो आपल्या शहराकडे निघतो. हा भाग बराच काळोखा आणि रक्तरंजित आहे. शहजादा त्यात सतत चिडलेला असतो. त्याचा आवाजही दुसऱ्याच नटाचा होता. हा बदल खुद्द मेक्नरलाही रुचला नाही आणि तसे त्याने बोलूनही दाखवले.

तेव्हा तिसरा भाग करणाऱ्यांपुढे मोठा पेच होता. पहिल्या भागातला शहजादा हसरा आणि बोलका, दुसऱ्यातला रागीट. दोघांनाही मानणारे खेळाडू होते. यांपैकी खरा कोणता? तिसऱ्या भागाने दिलेले उत्तर असे, की दोघेही खरे. एकाच देहात दोन शहजादे, आणि म्हणूनच दोन तख्ते.

गोष्ट अशी. शहजादा कायलीनासह गलबतातून बाबिलला येतो. वडिलांचे शहर पाहायला तो आतुर असतो. पण समोर धूर दिसतो. शहर जळत असते. असे का व्हावे? जरा विचार करा. वाळूच निर्माण झाली नाही, म्हणून पहिल्या भागातले सारे पुसले गेले. त्याबरोबर वजिराचा मृत्यूही पुसला गेला! तो वजीर आता फौज घेऊन बाबिलवर चालून आला आहे. तो कायलीनाला मारतो. तिच्या मरणाने वाळू पुन्हा सुटते. तीच वाळू अंगात भिनवून तो अमर होतो. शहजाद्याने अपराध झाकण्यासाठी जे जे केले, त्याची किंमत आता एक आख्खे शहर मोजत असते.

थोडी वाळू शहजाद्याच्या जखमेतही शिरते. तेव्हापासून त्याच्या मनात एक दुसरा आवाज बोलू लागतो. हा आवाज उर्मट आहे, टोमणे मारतो. ‘लोकांचे काय घेऊन बसलास, आधी सूड घे,’ असा त्याचा सूर असतो. मधूनमधून शहजाद्याचे रूपच पालटते. अंग काळे पडते, हाताला पात्यांची लांब साखळी येते, ताकद वाढते. पण त्या रूपात त्याचे आयुष्य क्षणाक्षणाला झिजत असते. जगायचे तर आणखी वाळू मिळवत राहावे लागते. खेळणाऱ्याला येथे क्षणभरही उभे राहून चालत नाही.

आणि या रूपातून सुटका कशाने होते? पाण्याने. कोठे हौद, कोठे पाट, कोठे कारंजे दिसले आणि शहजाद्याचे अंग भिजले, की तो पुन्हा माणूस होतो. म्हणजे संपूर्ण खेळभर एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशी ओढाताण चालते. बीड जिल्ह्यातल्या मुलांना याहून जास्त काय सांगावे! पावसाने पाठ फिरवली म्हणजे पाण्याच्या एका घागरीसाठी केवढी वाट तुडवावी लागते, हे तुमच्या घरच्या बायामाणसांना विचारा. बंद पडद्याच्या त्या खेळात पाणी दिसताच जिवात जीव येतो, तो आपल्याला ओळखीचा वाटतो.

फराहही या भागात आहे. वजिराने तिला कैद करून आणलेले असते. शहजाद्याला ती पूर्ण आठवते, तिला मात्र तो अनोळखी आहे. बोलण्याच्या ओघात तो तिचे नाव घेतो आणि गडबडतो. ती उत्तम तिरंदाज आहे. नुसती रडत बसणारी शहजादी ती नाही. वजिराच्या मागे धावायचे की संकटातल्या माणसांकडे आधी वळायचे, या प्रश्नात ती लोकांच्या बाजूने बोलते. शहजाद्याचे ते काळे रूप पाहून ती हादरते. त्याने ते तिच्यापासून लपवून ठेवलेले असते.

या खेळात रथांच्या शर्यती आहेत, झुलत्या बागा आहेत, आकाशात गेलेला बाबिलचा मनोरा आहे. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक विहीर. वजीर शहजाद्याला एका पुरातन विहिरीत ढकलून देतो. तो काळ्या रूपातच खाली पडतो. आता तुझी सुटका नाही, असे तो मनातला आवाज म्हणतो. शहजादा त्या अंधारात उतरत जातो, आणि तळाशी त्याला वडिलांचे प्रेत सापडते. तीन भाग तो ज्या घटनेपासून पळत आला, ती घटना येथे त्याच्यासमोर असते. आता खंजिराची कळ दाबून काही होणार नसते. तो वडिलांजवळ बसतो. जे झाले ते आपल्यामुळे झाले, हे मान्य करतो. आणि या एका वेळी, पाण्याचा थेंबही अंगावर न पडता, तो पुन्हा माणूस होतो. वडिलांची तलवार घेऊन तो त्या विहिरीतून वर येतो.

खेळातले बाबिल कल्पनेतले आहे. खरे बाबिल (त्यालाच बॅबिलोन म्हणतात) इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला फुरात नदीकाठी आहे. तेथील झुलत्या बागा नेमक्या कोठे होत्या, हे विद्वानांना अजून ठरवता आलेले नाही. मनोरा मात्र खरा होता. तेथे विटांचे एक प्रचंड, पायऱ्यापायऱ्यांचे देवालय होते. इसवी सनापूर्वी ५३९ साली इराणच्या सायरस राजाने हे शहर जिंकले, तेव्हा इराणचा शहजादा बाबिलमध्ये असणे अगदीच निराधार नाही. पण दुसरा एक योगायोग मनाला लागतो. या मालिकेचा पहिला भाग २००३ साली आला, आणि त्याच वर्षी इराकमध्ये युद्ध सुरू झाले. परदेशी फौजांनी बाबिलच्या अवशेषांवरच लष्करी तळ उभारला. तेथे चर खणले गेले. सुमारे दोन हजार सहाशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या रस्त्यावरून अवजड वाहने गेली आणि विटांचा चुरा झाला. ब्रिटिश म्युझियमने २००५ च्या आरंभी या नुकसानीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभरची मुले पडद्यावरचे जळते बाबिल वाचवत होती. युनेस्कोने २०१९ साली बाबिलचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. फुटलेल्या विटा मात्र पुन्हा जोडल्या जात नाहीत.

या शहजाद्याचा महाराष्ट्राशीही थोडा संबंध आला. तिन्ही भागांपैकी पहिला भाग नव्या रूपात करण्याचे काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे होते. २०२० साली त्याची घोषणा झाली. झलक पाहून खेळाडूंनी नाके मुरडली. तारखा पुढे जात राहिल्या आणि २०२२ साली ते काम माँट्रियलकडे देण्यात आले. पुण्यातल्याच एका लहानशा कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा स्वतःचा खेळ काढला. त्यातली मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधत भिंतींवरून धावते. तिची चाल पाहिली की इराणच्या शहजाद्याची आठवण होते.

आता शेवट. मनोऱ्याच्या माथ्यावर शहजादा वजिराला मारतो. वाळू मोकळी होते. तिला क्षणभर कायलीनाचे रूप येते. ती शहजाद्याच्या अंगातली वाळूही काढून घेते आणि हे जग सोडून जाते. खेळ संपला असे वाटते, तोच मनातला काळा शहजादा त्याला आत ओढतो. वडिलांचे तख्त माझे, असे म्हणत तो लढायला उभा राहतो. शहजादा वार करतो, पुन्हा वार करतो. काहीच उपयोग होत नाही. येथे पहिल्या खेळातली सावली आठवा. ती तलवारीने मरत नव्हती, हाही मरत नाही. फरक एवढाच, की त्या वेळी शहजाद्याने सावलीला स्वतःत सामावून घेतले होते. या वेळी तो पाठ फिरवतो आणि चालू लागतो. मागून येणाऱ्या हाकांना ओ देत नाही. दोन्ही उपाय सारखे म्हणायचे की वेगळे, यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही.

तो डोळे उघडतो तेव्हा फराह शेजारी असते. शहर शांत झालेले असते. एक प्रश्न तिच्या मनात बराच वेळ घोळत असतो. मी माझे नाव तुला सांगितलेच नव्हते, मग ते तुला कसे ठाऊक? खरे सांगायचे तर चढाई, लूट, वडिलांचे मरण, सगळेच सांगावे लागणार. शहजादा ते सांगायला लागतो. आणि तो ज्या शब्दांनी सुरुवात करतो, त्याच शब्दांनी २००३ सालचा पहिला खेळ सुरू झाला होता.